सोनाळ्याच्या कोळ्याचं नातं

बुलढाणा, मंगळवार, संध्याकाळ

सोनाळ्याच्या डोंगरात सापडलेल्या, चाबकासारख्या लांब पुढच्या पायांच्या चाबूक-कोळ्याचा मायटोकॉन्ड्रियाचा जनुकक्रम आज आला. दक्षिणेतल्या चाबूक-कोळ्यांशी त्याचं जवळचं नातं निघेल असं वाटलं होतं. तो तर वंशवृक्षाच्या भलत्याच फांदीवर बसला. मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "एकाच पायाचा नमुना, दुसऱ्या कशाच्या डीएनएची भेसळ असेल. प्रबंधातून वगळ." भेसळ कशी? तो पाय मीच काढला, मीच अल्कोहोलमध्ये ठेवला. पण एकच पाय, हे खरंच. मग सरांवर कशाला चिडले मी?

आईला म्हटलं, पुन्हा डोंगरात जायचंय.

"एका कोळ्यापायी काऊन जीव काढून राह्यली वं?"

"एक नाही, आता चार-पाच पाह्यजेत."

आई म्हणाली, "मंग मी येतो. बॅटरी धराले कोनी लागंल ना."

नको म्हणवलं नाही. वगळायचं की नाही ते नंतर बघू, आधी तपासणार.