बागेच्या जागेसाठी माझी सही

बाबा,

जयभीम. आम्ही तिघंबी बरे आहोत. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितोय. मुक्ताताईला सांगा, वाचून दाखवताना एक शब्दबी गाळू नको.

पडेगावात आमच्या खोलीमागचं कडुलिंबाच्या झाडांचं मैदान तुम्ही पाहिलंय. शहराच्या नकाशात ती जागा बागेसाठी राखलेली होती. आता तिथं बंगल्यांचे प्लॉट पडलेत. एकोणीस झाडं एका दिवसात आडवी केली अन् सगळीकडं सिमेंट ओतलं. दुपारी पत्र्याखाली बसवत नाय. तुमच्या नातीच्या पाठीवर घामोळ्या उठल्यात. काळजी करू नका, पावडर लावतोय.

जागेचे भाव चढले तसं घरमालकानं भाडं वाढवलं. परवडत नसंल तर खोली सोडा, म्हणतो! अन् हाच माणूस मागच्या वर्षी कागद घेऊन दारोदार फिरला. नळाच्या लाइनीचा अर्ज आहे, म्हणाला. तो कागद निघाला बाग रद्द करायला आमची संमती! त्याच्या थोबाडीत द्यावी वाटते, बाबा.

पण त्या कागदावर पहिली सही माझी हाय. शेंद्र्याला जाणारी कंपनीची बस सुटंल म्हणून घाईत केली. शिकलेल्या माणसानं केली म्हणून गल्लीतल्या बायांनी खाली अंगठे लावले.

तुमचा गुडघा कसाय? शेळी व्याली का?

कुठंबी अंगठा लावायच्या आधी तुम्ही कागद दोघांकडून वेगवेगळा वाचून घेता. मी बी.कॉम. होऊन एकदाबी वाचला नाय.

तुमचा,
धम्मपाल