दादाला कोणतं औषध दिलं

५ जाने., सोम. बोरी
सकाळी दवाखान्यात दोन शेळ्या, पाय मोडलेलं एक कुत्रं. कुत्र्याला केटामिनची भूल दिली. भुलीत डोळे उघडेच राहतात, बुबुळं इकडून तिकडं सरकत राहतात. मालक घाबरला. "डॉक्टरबाई, जागं हाय का मेलं?" म्हटलं, दोन्ही नाही, फिरायला गेलंय. येईल.
दुपारी हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यातून फोन. दादाला संशोधनात घेतलं. उदासीच्या आजारावर हेच केटामिन, अगदी थोडं, सलाईनमधून. मी हातातल्या कुपीकडे बघतच राहिले.

७ जाने., बुध. वालूर
दादा मास्तर, वर्षभर शाळेतून रजेवर. गोळ्या बदलून बदलून झाल्या. "जगून काय करायचं" हे आता तो कुरकुरतही नाही, साधं विचारतो. त्याचीच जास्त भीती. विहारात पौर्णिमेची वंदना सांगणारा माणूस, घरात पाणी मागायलाही तोंड उघडत नाही.
"कुत्र्याचं औषध मला?"
"डोस माणसाचा असतो."
हसला नाही. पण "चल" म्हणाला. तेवढं पुष्कळ.

९ जाने., शुक्र. हैद.
डॉक्टर पोरगेलासाच, पण सबुरीचा. म्हणाला, काहींना केटामिन, काहींना नुसतं गुंगीचं औषध. कोणाला काय, ते मलाही माहीत नाही, तुम्हालाही कळणार नाही. केटामिन असेल तर भास होतील, आपण अंगाबाहेर गेलो असं वाटेल. परदेशात काही अळंब्यांमधल्या द्रव्यावरही असंच काम चाललंय. काहींचं मन एका दुपारीत उजळतं. का, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. मोकळेपणानं म्हणाला. आवडला मला.
नातेवाइकानं खुर्चीत बसायचं. बोलायचं नाही, शिवायचं नाही.
सलाईन सुरू. मी दादाच्या डोळ्यांवर नजर लावून. पापण्या मिटल्या. बुबुळं शांत. मग घोरायला लागला.
हे केटामिन नव्हे. एवढ्या लांब येऊन नुसती झोप.
उठताना दादा भेदरला, हातानं चाचपडायला लागला. माझा हात आपसूक त्याच्या कपाळावर गेला. भुलीतून उठणाऱ्या प्रत्येक जनावराला ठेवते, तसाच. नर्स पाठमोरी होती.

११ जाने., रवि. बोरी
कोणाला काही बोलले नाही. माणसाचा डोस कमी, बुबुळं हलतही नसतील. स्वतःला समजावणं चाललंय.
वहिनीचा फोन. "ताई, हे सकाळी उठून शेताकडं गेले. हुरडा मागायलेत." मी नुसतं बरं, बरं करत राहिले.

१८ जाने., रवि. वालूर
दादा बांधावर, कणीस चोळतोय. म्हणाला, "आभाळ लय मोठं दिसायलंय गं." मग मुलांच्या परीक्षेबद्दल विचारलं. त्याच्या वर्गातल्या.
मला भीतीच वाटली, चमत्कार न मानणारीला चमत्कार दिसल्यावर वाटावी तशी. इतकी वर्षं शरीरं उघडून पाहिली. जनावराला आशा वाटली म्हणून ताप उतरत नाही. माणसाला काय दिलंय हे? आणि ते केटामिन नव्हतं, हे कोणाला सांगायचं? सांगितलं आणि दादा पुन्हा खचला तर?

१ फेब्रु., रवि. पौर्णिमा
वंदना दादानं सांगितली. आधी आवाज चिरका, मग लागला. मागून सगळे म्हणत होते. मी म्हणायचं सोडून त्याच्याकडेच बघत होते. बाहेर आल्यावर वहिनी नुसती माझा हात धरून उभी.

१३ फेब्रु., शुक्र. हैद. करून परत
तपासणी. आम्हा दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, कोणतं औषध होतं असं वाटतं? मी "सांगता येत नाही" म्हणाले. धडधडीत खोटं.
परतीची रेल्वे चुडावा स्टेशनात थांबून राहिली. दादा शेंगा सोलता सोलता म्हणाला, "मी सांगितलं, झोपेचं होतं."
"तुला काय माहीत?"
"अगं, वर्षभर झोपेच्या गोळ्या खाल्ल्या. मला न्हाई कळायचं?"
"मग बरं कशानं वाटायलंय?"
त्यानं आणखी एक शेंग फोडली. मग, "उठलो तवा कुठं हाय तेच कळंना. पण कोणीतरी धरलं होतं. तेवढंच ध्यानात हाय." आणि शेंगांचा पुडा माझ्याकडे सरकवला.

२१ फेब्रु., शनि.
वहिनीचा फोन. दादा कालपासून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवला नाही.
आता संशोधनाची दुसरी फेरी. पहिल्यांदा ज्यांना मिळालं नाही त्यांना खरं केटामिन देणार आहेत.

२२ फेब्रु., रवि.
सकाळी डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं. डोळे, हात, माझं खोटं. हे लपवून दुसऱ्याचं शास्त्र कसं बिघडवू? त्यानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या भावाची नोंद संशोधनात धरता येईल का, बघावं लागेल." दुसऱ्या फेरीचं विचारलं. "वरच्यांना विचारून कळवतो."
दादाला फोनवर सांगितलं. चिडेल वाटलं होतं. त्याचा आवाज पार खाली गेलेला.
"न्हाई म्हणले तर?"
म्हटलं, मग दुसरा डॉक्टर शोधू.
"हो म्हणले तर तू येणार न्हवं?"
"येते की."
"मग त्यांना आधीच विचार, खुर्ची जवळ घेतली तर चालंल का."