नामदेवची किल्ली महाळुंग्यात

रविवार, ६ जानेवारी १९५७. आळंदी

आज डॉक्टर आले होते. पंधरा दिवसांनी एक रविवार पुण्याहून येतात आणि तेच सांगून जातात: साखळ्या काढा, प्रत्येकाला स्वतंत्र ताट द्या, नावानं हाक मारा. तरुण आहेत, तळमळ आहे, खोटं कशाला बोलू. पण सांगून झालं की चारच्या गाडीनं ते परत जातात. मी इथेच, वेड्यांच्या या आश्रमात असते, आणि माझी खोली आणि पुरुषांची खोली यांत एकच भिंत.

ताटं आली आहेत. नावांचं जमेना. गंगाराम (आमचा जुना रखवालदार, हातात कायम काठी) अजून 'ए रड्या' म्हणूनच हाक मारतो. रड्याचं नाव विष्णुपंत आहे, तो मास्तर होता. आज डॉक्टर चिडून त्याला म्हणाले, 'गंगाराम, तुम्हाला कुणी काठ्या म्हटलं तर चालेल का?' त्यावर म्हणतो, 'म्हना की. त्येला काय हुतंय.'

बऱ्याच साखळ्या सुटल्या. राहिली नामदेवची. महाळुंग्याचा, पस्तिशीचा गडी. चार वर्षांमागे आईवर कोयता उगारला, नुसता उगारला नाही. तेव्हापासून उजवा पाय भिंतीतल्या कडीला. बोलत नाही. बघतो.

मला त्याची भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे.

बुधवार, ९ जानेवारी

साखळ्यांचा इथला रिवाज मला आल्यावर कळला. ज्यांनी माणूस आणून सोडला त्यांचंच कुलूप, आणि किल्ली त्यांच्या घरी. आश्रमाकडे किल्ली नसतेच. म्हणजे सोडायचं तर घरच्यांची मनधरणी. काहींनी निरोप मिळताच इतक्या झटकन किल्ल्या पाठवल्या की मलाच कसंतरी झालं. महाळुंग्याहून काही उत्तर नाही. खरं सांगायचं तर येऊ नये असंच वाटतंय.

पुण्याच्या इस्पितळात नोकरीला होते तेव्हा एका पेशंट बाईनं माझी करंगळी पिरगळून मोडली होती. ती वाकडीच राहिली. तेव्हापासून पाठीमागे पाऊल वाजलं की मी दचकते. असल्या बाईनं असल्या जागी नोकरी करू नये. पण हे गेल्यावर खोलीसकट नोकरी दुसरीकडे कोण देत होतं?

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला. विष्णुपंतांनी 'गोड बोला' एवढं म्हटलं आणि रडले. नामदेवला लांबूनच, ताटलीत सरकवून. त्यानं घेतला नाही. मी हातात द्यावा अशी त्याची अपेक्षा असावी. नाही जमलं.

रविवार, २० जानेवारी

डॉक्टरांनी नामदेवचा पाय पाहिला. साखळीच्या लोखंडी वाळ्याखाली जखम चिघळली आहे, वास येतो. आम्ही वरवर हळद-तेल लावत होतो, वाळ्याच्या आत हात कुठे पोचतोय. डॉक्टर भडकले. 'सिस्टर, आठ दिवसांत हे निघालं नाही तर पाय कापावा लागेल. मग बांधायला काही उरणारच नाही.' नव्या गोळ्या दिल्या आहेत, सकाळ-संध्याकाळ. विचारलं, गोळ्यांनी नक्की शांत राहील? म्हणाले, बहुतेक.

'बहुतेक' म्हणाले आणि चारच्या गाडीनं गेले.

बुधवार, २३ जानेवारी

महाळुंग्याला जाऊन आले. पहाटेच निघाले, चाकणपर्यंत बाजाराची बैलगाडी, पुढे पायी. दोन्ही बाजूंना कांद्याची रानं. घर नीटनेटकं, सारवलेलं.

थोरला भाऊ किसन दारातच उभा राहिला. 'पायाचं आमी काय करणार, बाई? सोडला आन त्येनं कुनाला मारलं तर तुमी भरून देनार का?' त्याच्या बायकोनं पोरांना आत घेतलं, जणू मी त्याला सोबत घेऊनच आले होते.

मग म्हातारी आली. नामदेवची आई, चंद्राबाई. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तिथं कोयता लागलेला. गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली. मला वाटलं ही घाबरून देत नसणार. तर तसं नाही.

'किल्ली माज्यापाशी हाय म्हून त्यो माजा हाय. दिली म्हंजी ल्योकच देऊन टाकला की.'

म्हटलं, मावशी, पाय जाईल त्याचा.

'तुमी औषिद लावा.' एवढंच. चहा मात्र दिला, गुळाचा, आणि मी तो पिऊन उठेपर्यंत समोरून हलली नाही.

येताना त्या झटकन आलेल्या किल्ल्यांचा विचार करत होते. आता त्यांचा अर्थ कळला.

सोमवार, २८ जानेवारी

वाळा तोडला.

दुसरा मार्गच नव्हता, काल पायाचा रंग बदलायला लागला होता. गावातून लोहार बोलावला. तो यायला तयार नव्हता, गंगारामशी कोपऱ्यात काहीतरी कुजबुजला. मी ओरडले तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन बसला. मी नामदेवचं पाऊल धरलं होतं. दुसरं कोण धरणार, गंगाराम काठी घेऊन दाराशी. घाव पडला की माझेच डोळे मिटायचे. नामदेव हातोड्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

सुटल्यावर तो तसाच बसून राहिला. जखम धुतली, पट्टी बांधली.

माझ्या खोलीला आतून कडी आणि कडीला आडवं लाटणं. हसू नये कुणी.

मंगळवार, २९ जानेवारी

उजाडल्यावर दार उघडून पाहिलं. नामदेव भिंतीतल्या त्याच कडीपाशी, पाय पुढे करून. मला बघून पहिल्यांदा बोलला. आवाज घोगरा, जुना रहाट फिरवावा तसा.

'बाई, घाला.'

काय घाला?

'साखळी. माजा मलाच भरवसा न्हाई.'

मी इतके दिवस त्याला भीत होते, आणि तोही त्यालाच भीत होता. म्हटलं, 'लोहार गेला, नामदेव. आता चहा घे.' अगदीच बावळट उत्तर. पण त्यानं चहा घेतला, माझ्या हातातून.

बुधवार, ३० जानेवारी

दुपारी मतदानाच्या प्रचाराची जीप रस्त्यावरून गेली, कर्ण्यावरून आरडाओरडा करत. अंगणात सगळे बिथरले. विष्णुपंत कानांवर हात ठेवून खाली बसले. मी त्यांना उठवायला वाकले तर पाठीमागे पाऊल. लंगडतं. माझं पाणी पाणी झालं.

नामदेव माझ्या मागे येऊन उभा होता. पदराचं टोक मुठीत घट्ट. जीप लांब जाईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. मीही सोडवलं नाही, पण ते धाडस म्हणून नव्हे, पाय हलत नव्हते म्हणून.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

आजचं कसं लिहू.

सकाळी नामदेव अंगणात शेंगा सोलत बसला होता. फाटकाशी बैलगाडी थांबली. किसन, भावकीतली चार माणसं, गाडीत हिरवे बांबू, आणि किसनच्या खांद्यावर कोऱ्या मांजरपाटाची घडी. मागे चंद्राबाई, दोन बायांनी धरलेली. रडून रडून आवाज बसलेला.

मला कळेना. विचारलं, कोण गेलं?

किसन म्हणाला, 'आता आमालाच इचारता व्हय, बाई? मयत कुठं ठिवलीय?'

तेवढ्यात त्याची नजर शेंगांच्या ढिगाकडे गेली आणि मांजरपाट खांद्यावरून खाली पडलं. एक बाई मटकन खाली बसली.

उलगडा गंगारामनं केला. या भागात माणूस बरा झाला की घरचे येऊन किल्लीनं कुलूप उघडतात. मेला की लोहार साखळी तोडतो, त्या कुलपाला मग कुणी किल्ली लावत नाही. आमचा लोहार बुधवारी चाकणच्या बाजारात बोलला, महाळुंग्याच्या नामदेवची साखळी तोडली म्हणून. बस्स. कुणी खुलासा विचारलाच नाही.

'हे मला आधी का नाही सांगितलंत?' मी जवळजवळ किंचाळले.

'तुमी इचारलं कुठं?' गंगाराम म्हणाला. 'मला वाटलं ठावं आसंल. शिकल्याली मानसं.'

नामदेवनं आईला पाहिलं आणि उठला. मी मनात म्हटलं, झालं. पण तो उलटा फिरला, आत गेला, भिंतीतल्या कडीपाशी जाऊन बसला. पाय पुढे केला. चंद्राबाई त्याच्या मागोमाग आत. मी दारात. किसन माझ्या मागे, 'आये, म्होरं जाऊ नगंस' म्हणत.

तिनं त्याचा पट्टी बांधलेला पाय चांगला हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, 'घरी चल.'

रविवार, ३ फेब्रुवारी

चंद्राबाई अजून इथेच आहे, ओसरीवर निजते. बाकीचे त्याच दिवशी परत गेले. मांजरपाट तिनं ठेवून घेतलं आणि आळंदीतल्या शिंप्याकडून त्याची नामदेवला बंडी शिवून घेतली. गंगारामच्या अंगावर काटा आला. 'मढ्याचं कापड हाय ते, म्हातारे.' ती म्हणाली, 'कोरं हाय. वाया का घालवू?'

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खूश. घरी जायला निघालेला हा आपला पहिलाच माणूस, म्हणाले. गोळ्या बांधून दिल्या. जखमही सुकते आहे. मी म्हटलं, डॉक्टर, त्याच बाईवर त्यानं कोयता चालवला होता. म्हणाले, 'सिस्टर, आपण हे सगळं कशासाठी करतोय मग?'

बरोबर आहे. ताटं, नावं, पट्ट्या, हे सगळं शेवटी माणूस घरी जावा म्हणूनच. तरी मला तो जायला नकोय. इथे असला तर निदान मला कळतं तो कुठे आहे.

संध्याकाळी चंद्राबाईला विचारलं, मावशी, भीती नाही वाटत?

'त्यो मेला म्हून वाटभर रडत आले. आता त्याच्यापरीस वंगाळ काय व्हायचं ऱ्हायलंय?'

मला तिचा कोयता लागलेला खांदा दिसत होता. तुमचंच काही बरंवाईट झालं तर, एवढं मात्र विचारलं नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

त्यांना पोचवून आले. थोडक्यात लिहिते.

गाडीत नामदेव पुढे, नवी बंडी घालून, आई शेजारी. मी मागे. चाकण सोडल्यावर तो वळून मला म्हणाला, 'बाई, माघारी फिरवा.' चंद्राबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गाडी फिरवली नाही. गाडीवानाला मीही काही सांगितलं नाही.

घरी किसन बायको-पोरांना घेऊन मळ्यातल्या खोपटात निघाला होता. विळे, कोयते, कुऱ्हाड सगळं गाडीत भरलेलं. विळी उचलायला गेला तर म्हातारीनं ती धरून ठेवली. 'भाजी दातानं चिरू व्हय?' विळी राहिली. मला ती काढून घ्यावीशी वाटली. मी तिला, नामदेवला गोळ्या कशा द्यायच्या तेवढं समजावलं. दोनदा. तिसऱ्यांदा सांगायला लागले तर म्हणाली, 'बाई, तुमी जावा आता.'

किसन मला बाजूला घेऊन म्हणाला, 'काय झालं तर तुमच्या डोक्यावर.' त्याचा राग नाही आला. मीही हेच मनात म्हणत होते.

नामदेव उंबऱ्याशी अडला. आत जाईना. म्हातारी आधी आत गेली, चूल फुंकली, भाकरी थापली, त्याला हाकसुद्धा मारली नाही. बऱ्याच वेळानं तो वाकून आत गेला. मग तिनं दार लोटलं आणि आतून कडी घातली.

आतून. मी बाहेर उभी होते.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पुरुषांच्या खोलीत आता एकाही पायात साखळी नाही. भिंतीतली कडी उपटायला गवंडी आला होता. डॉक्टरांना आवडेल.

काल काही कळलं नाही. आज चाकणहून आलेल्या कांद्याच्या गाडीवाल्याला गाठलं, महाळुंग्याची काही खबर? म्हणाला, 'न्हाई. काय झालं आसतं तर कळलं आसतं की, बाई.'

तसं तर त्यांना नामदेव मेल्याचंही कळलं होतं.

त्याच गाडीनं उद्या पहाटे जाईन म्हणून सांगितलं आहे. जाईन. पण त्या दाराची कडी वाजवायची म्हणजे...