बत्तीस इंचांत लेकीचा सामना

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.४०
निवृत्तीला आज दोन महिने झाले. आजपासून रोजनिशी. याआधीच्या चार रोजनिश्या पहिल्या आठवड्यातच आटोपल्या, पण तेव्हा नोकरी होती.

मोटारघर येऊन अकरा दिवस झाले. सेकंडहँड, पण आतून चकाचक. दोन बिछाने, छोटासा ओटा, बेसिन, आणि भिंतीवर टीव्हीसाठी चार भोकं आधीच पाडलेली. विकणाऱ्याने स्वतः चालवत आणून मागच्या अंगणात उभं करून दिलं. शेजारी त्याला ‘झोपायची गाडी’ म्हणतो. माणसाला दृष्टी असावी लागते.

संकल्प: लेकीच्या व्हॉलीबॉलची फायनल रविवारी १६ तारखेला, पाच वाजता, टीव्हीवर थेट. गाडी तळ्याकाठी उभी करायची. छतावर डिशची छत्री, समोर बत्तीस इंची टीव्ही, तोही एचडी. बघायला मी आणि ही. सहा वर्षांत लेकीचा एकही सामना पाहिलेला नाही. दर वेळी ऑफिस आडवं आलं. ती विचारायची, मी म्हणायचो, पुढच्याला नक्की. हल्ली विचारतही नाही. हे फार मनाला लागलंय. या वेळी पाहणार म्हणजे पाहणार, आणि असं पाहणार की तिच्या कपाळावरचे घामाचे थेंब मोजता आले पाहिजेत.

छत्री मी स्वतः बसवणार. भूमापन खात्यात बत्तीस वर्षं काढली आहेत. कोन, दिशा, उंची हे सगळं अंगात भिनलेलं. आता मी नकाशांच्या रेकॉर्डरूममध्ये होतो हे खरं. पण ते नकाशे जपले कुणी?

मंगळवार, ४ मार्च
नवी छत्री, नवा बॉक्स, वायरींचं भेंडोळं आलं. घरातलं टीव्हीचं कनेक्शन बंद करून टाकलं. एका कुटुंबाला दोन कनेक्शनं कशाला? हिने विचारलं, मग माझ्या मालिका? म्हटलं, गाडीत येऊन बघ, सहलीला गेल्यासारखं वाटेल. ही स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली, पण आमच्या ओट्याला आवाज घुमतोच.

बुधवार, ५ मार्च
लेकीचं पाकीट. आत फायनलचे दोन पास आणि चिठ्ठी: ‘जमलं तर या.’ बरं वाटलं. पण शांतपणे विचार केला. स्टेडियम इथून दोन तासांवर. मागच्या रांगेतून खेळाडू मुंगीएवढे दिसणार. एचडीत चेहरा दिसतो. खरं प्रेम कशात आहे? हिला हे सगळं नीट समजावलं. बराच वेळ काही बोलली नाही. मूक संमती.

एक पास शेजाऱ्याला देऊन टाकला. बिचाऱ्याकडे एचडी नाही. दुसरा हिने पर्समध्ये ठेवला. आठवण म्हणून असावा.

शुक्रवार, ७ मार्च
छत्री चढली. कंपनीच्या तक्त्यात उंचीचा कोन ४७ अंश. तबकडीला कोनमापक लावला आणि बरोबर ४७ वर नट आवळले. इकडचा केस तिकडे नाही. तिपाईचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली माहितीपुस्तिका सरकवली. चपखल बसली.
संध्याकाळी ६.०० सिग्नल शून्य. बॉक्स सदोष असावा.

रविवार, ९ मार्च
बॉक्स बदलून आणला. शून्य. बदललेलाही सदोष असावा.

गाडीच्या छतावरून आसपासच्या छत्र्या न्याहाळल्या. एकूण बावीस. सगळ्या मान खाली घातल्यासारख्या. माझी कशी आकाशाकडे ताठ बघते. म्हणजे बावीस घरांत काम चुकलंय आणि कुणाला पत्ता नाही. शेजाऱ्याला खालून हाक मारून हे सांगितलं. म्हणाला, आमच्याकडे तर छान दिसतं. छान म्हणजे काय हे त्याला कधी कळलंय?

मंगळवार, ११ मार्च
चित्र आलं. दिशा थोडी फिरवली आणि आलंच. एक बाई अनोळखी भाषेत गालिचे विकत होती. जरा धुरकट, पण गालिच्याचा धागा न् धागा दिसत होता. एचडी म्हणजे काय ते आज कळलं. हिला बोलावलं. पाच मिनिटं बघून तिने विचारलं, यात आपली लेक कुठे आहे? म्हटलं, आज गालिचा आलाय, उद्या लेक येईल.

मग हिने सुचवलं की गाडी दारात आहे, टाकी भरलेली आहे, तर रविवारी उठून सरळ स्टेडियमलाच जाऊ. हसू आलं. समजावलं की छतावर छत्री आहे, गाडी इंचभर हलली तरी कोन गेला. त्यावर म्हणाली, “मग घर काय वाईट होतं?” उत्तर तयार होतं, पण मी शिडीवरून उतरेपर्यंत ती आत गेली.

याच कारणाने तळ्याचा बेत रद्द. गाडी आहे तिथेच राहील. तळं काय, डोळ्यांसमोर आणता येतं.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी ११.२०
छतावर. बाई गेली, पण आपला उपग्रह सापडतोय. सिग्नलची ताकद ३८. दर्जा शून्य, पण दर्जा मागाहून येतो.

लेकीचा फोन आला. तिने आपणहून फोन करून पाच महिने झाले असतील. आवाज बसलेला वाटला. म्हणाली, बाबा, एक सांगायचंय, वेळ आहे का. माझ्या एका हातात पाना, फोन कान आणि खांद्यात दाबलेला, मान आखडलेली, आणि नेमकं त्याच क्षणी ३८ चं ४१ झालं. म्हटलं, बेटा, रविवारी सामना झाला की निवांत बोलू, आता मला हलता येत नाही. “बरं,” म्हणाली आणि ठेवला. समजूतदार पोर आहे, माझ्यावर गेलीय.
११.३५ पुन्हा ३८.

संध्याकाळी हिला विचारलं, काय सांगायचं असेल तिला? म्हणाली, “तुम्हालाच सांगायचं होतं. मी मध्ये पडणार नाही. फोन करा.” करणार आहे. आधी ४१ पुन्हा गाठतो.

शुक्रवार, १४ मार्च
छत्रीवाल्याला बोलावलं. मदतीसाठी नव्हे. मोठमोठे डॉक्टरसुद्धा दुसरं मत घेतात.

खालूनच वर बघून त्याने विचारलं, हे कुणी बसवलं? म्हटलं, भूमापन खात्याने. म्हणाला, साहेब, ही तबकडी तिरकं बघते. ती मान खाली घालून बसलेली दिसते तेव्हाच वर बघत असते, तोंडाला कोनमापक लावायचा नसतो. चार मिनिटांत खाली वाकवली. ताकद ९२, दर्जा ९०. मग टीव्हीमागे डोकावून म्हणाला, ही तीन रंगांच्या पिनांची वायर लावलीत, हिच्यातून एचडी येतच नाही. खरी वायर बॉक्सच्या खोक्यात होती, प्लास्टिकसकट. तिपाई सरळ करताना पुस्तिकाही सापडली. दोन्ही गोष्टी पान चारवर ठळक अक्षरांत आहेत. ठळक गोष्टी पहिल्या पानावर छापायला काय होतं?

जाताना म्हणाला, टीव्ही गाडीच्याच बॅटरीवर आहे, तेव्हा इंजिन रोज थोडा वेळ चालू ठेवत जा. मान डोलावली. छत्रीचा माणूस, त्याला बॅटरीतलं काय कळतंय?

बाकी सगळं मीच केलं म्हणायला हरकत नाही. तो फक्त शेवटी आला.

शनिवार, १५ मार्च
सकाळी ही बॅग घेऊन दारात उभी. लेकीजवळ राहते आणि उद्या सामना बघते म्हणाली. मग म्हणाली, “चला. अजून शेजाऱ्याकडचा पास मागून घेता येईल.” म्हटलं, दिलेली वस्तू परत मागू नये, आणि मला इथून तुम्ही दोघी एचडीत दिसाल. कॅमेरा आला की हात हलव. हिने बॅगेची चेन लावली आणि बसला गेली. हात हलवीन असं काही म्हणाली नाही.

लेकीला फोन करायचा राहिला. आता सामन्याआधी तिचं लक्ष विचलित करणं बरं नव्हे.

रविवार, १६ मार्च
सकाळी ८.०० चाचणी. समुद्रातले मासे. खवला न् खवला मोजून घ्यावा.
११.३० चाचणी चालू. उकडतंय, पंखाही लावला.
दुपारी ३.१० चाचणी चालू. मासे संपून आता हिमनद्या. फोनही इथेच चार्जिंगला लावला. दिवेही सगळे लावून बघितले. काय वातावरणनिर्मिती आहे.
४.५२ दोन्ही संघ मैदानात. कॅमेरा एकेक चेहरा जवळून दाखवत सरकतोय. सात, नऊ, अकरा. आपली चौदा नंबर. बारा. छातीत धडधडतंय
४.५३ काळोख.
४.५८ बॅटरी. इंजिन सुरू करून पाहिलं. किल्ली फिरवली की टिक असा आवाज येतो. दुसरा कुठलाच नाही.
५.०५ शेजाऱ्याकडे धावलो. कुलूप. तो स्टेडियममध्ये आहे, माझ्याच पासवर.
५.१२ घरच्या टीव्हीवर निळा पडदा. कनेक्शन कुणी बंद केलं ते लिहिलेलंच आहे वर.
५.२५ फोनवरचं ॲप. पासवर्ड आठवेना. नव्या पासवर्डसाठीचा आकडा हिच्या नंबरवर जातो. हिला नऊ फोन केले. उचलत नाही. तिथे गोंगाट असेल.
५.५० दहावा.
६.४८ हिचा निरोप: ‘जिंकलो.’ एवढंच.
७.०५ गाडीत बसलोय. जिंकलो ना, मग झालं. शेवटी निकाल महत्त्वाचा.

रात्री ८.३०
लेकीचा फोन येऊन गेला. आनंदात होती. विचारलं, “बाबा, पाहिलंत?”

इथे खरं सांगून टाकायचं. पण तोंडातून निघून गेलं, पाहिलं म्हणजे काय, एचडीत पाहिलं. आणि एकदा निघालं ते थांबेना. काय खेळलीस, म्हटलं. ती उडी, तो फटका, शेवटचा पॉइंट तर तुझाच, मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ती मध्ये काहीच बोलली नाही. मला वाटलं, लाजली.

मग म्हणाली, “बाबा, मी आज उतरलेच नाही. बाकावर होते.”

का, म्हटलं.

“बुधवारी सरावात गुडघा गेला. गुरुवारी तेच सांगायला फोन केला होता. म्हटलं, तुम्ही आलात तर बरं वाटेल.”

रागावली असती तर बरं झालं असतं. दिवसभर गाडीतच बसला असाल, काहीतरी खाऊन घ्या, म्हणाली, आणि ठेवला. मी हातात फोन धरून बसून राहिलो. लाज वाटली. इतकी की इथे दुसरं काही कारण लिहायला घेतलं होतं ते खोडलं.

सोमवार, १७ मार्च. सकाळी ९.१५
हिचा फोन. डॉक्टरांनी लेकीला तीन आठवडे विश्रांती सांगितली आहे, तिला घरी आणतेय. गुडघा वाकत नाही, बसच्या पायऱ्या चढणं अवघड जाणार. मी ताडकन म्हटलं, बस कशाला? मोटारघर घेऊन येतो. दोन बिछाने आहेत, पाय लांब करून झोपून येईल. छत्री आत्ता काढून टाकतो. बॅटरी शेजारी भरून देईल. हे बोलताना वाटलं, या गाडीचा खरा उपयोग हाच होता, आपल्याला उशिरा सुचला. हिने फोन लेकीकडे दिला.

लेकीने विचारलं, “बाबा, ती गाडी चालते का?”

चालते म्हणणारच होतो. शब्द तयार होता. “माहीत नाही,” म्हटलं. “मी चालवून बघितलेलीच नाही.”

ती म्हणाली, “असू दे, बाबा. आम्ही बसनेच येतो. तुम्ही फक्त स्टँडवर या. चालत.”