मिथुनचा गुडघा

डॉक्टरसाहेबांले नमस्कार,

तुम्ही मिथुनले शेवटच्या तपासणीले बोलावलं. तो येणार नाई. तेच कळवायले बसली, पण पत्र टाकायची हिंमत होत नाई.

ऑपरेशनच्या वेळी त्याच्या कमरेच्या हाडातला मगज काढून तुम्ही गुडघ्यात टोचला. "यानं गुण येते का, तेच पाहून राह्यलो," म्हणले होते. गुण आला, साहेब. पोरगा काठीबिगर तलावावर जाळं घेऊन जाऊ लागला.

मंग वैनगंगेले पूर आला. शेजारची लहानशी आचल वाहून जात होती. मिथुन धावला. पोरीले काठावरच्या लोकांच्या हाती दिलं, अन् तोच वाहून गेला.

लोक म्हणतात, लंगडा असता तर वाचला असता. मी आचलकडे पाहते.

गुडघा पुरा बरा झाला होता, एवढं लिहून ठेवा. धावताना तो जराही लंगडला नाई. मी पाहून राह्यली होती.

मिथुनची माय,
गोकुळा