कमरेखालचं चित्र

३ फेब्रुवारी २००५
पुन्हा कूस वळवा, पुन्हा चादर बदला! ह्यांना स्कूटरवरून पडून दोन वर्षं होतील. बेंबीखाली काही कळत नाही. मला मात्र सगळं कळतं – कंबर, गुडघे, मनगटं!

मुंबईच्या इस्पितळातून डॉ. उन्नतींचा फोन. ह्यांच्या पायाला बर्फ लावायचा आणि त्याच वेळी एमआरआयच्या मशीनमध्ये पाठीच्या मज्जारज्जूचं चित्र घ्यायचं. निरोप तिथवर पोचला तर रक्त जास्त धावतं, ते दिसतं म्हणे. मेंदूचं असं बरेच जण करतात; मज्जारज्जूचं अवघड. माणसाने श्वास घेतला तरी तो हलतो! "हा उपचार नाही हं, मनोरमाताई. अभ्यास आहे." दोनदा बजावलं. तरी सासूबाई लगेच निर्मळच्या देवळात नारळ ठेवून आल्या.

६ फेब्रुवारी
दादा विरारहून आला होता. "किती झिजशील? आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे." मी चहा टाकायला उठले. पण मनात ठरवलंय, इथेच लिहिते – चित्रात काही दिसलं तर राहीन. नाही दिसलं तर जाईन. लिहिताना वाईट वाटतंय. पण थकलेय मी.

८ फेब्रुवारी
सकाळी हे म्हणाले, "डावा पाय गरम वाटतोय." हात लावला तर थंडगार. मागे असंच, अंगठा हलला म्हणाले. सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, भास. किती दिवस लोक विचारत होते! आज माझ्याच तोंडून गेलं – "पुरे झाले भास!" हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१० फेब्रुवारी
ओम्नी गाडीत आडवं घालून मुंबईला नेलं. अंगठी, साखळी, घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. "अंगावर आणखी धातू?" तिथल्या माणसाने विचारलं. "नाही," हे म्हणाले. मग मशीनची ठकठक, संपता संपेना. बाहेर आले ते घामाघूम. वाटेत गाडीच्या छताकडे बघत पडले होते. कसं झालं, मी विचारलं नाही.

११ फेब्रुवारी
अंग पुसताना सापडला! करगोट्याला, अगदी पाठीच्या कण्यावर, ताईत. नेण्याच्या आधी, हे झोपेत असताना सासूबाईंनी बांधलेला. करगोटा जन्मापासून अंगावरच. धातू विचारला तर तो कोणाच्या ध्यानात येणार!

"आत होडीचा खिला हाय," म्हणाल्या. "दुखन्याच्या जागी लोखंड पायजे."

ह्यांना पत्ताच नाही. कमरेला काही कळतच नाही, तर कसा असणार? मी ताईत सोडला आणि पदराला बांधला.

१४ फेब्रुवारी
डॉ. उन्नतींचा फोन. "कमरेपाशी चित्र नुसतं काळं आलंय. धातू राहिला होता का? असेल तर पुन्हा घेऊ. नसेल तर मात्र इथेच थांबू."

"नव्हता," म्हणाले मी.

सरळ सरळ खोटं बोलले. पण खरं लिहिते – हलकंही वाटलं!

१५ फेब्रुवारी
दादाला कळवलं. रविवारी न्यायला येतो म्हणाला.

१७ फेब्रुवारी
"चित्राचं काय झालं गं?" ह्यांनी विचारलं.
"अजून कळलं नाही."
"जाऊ दे. तू जेवलीस का?"
मेलं, असं विचारू नये माणसाने! मोरीत जाऊन रडले. सासूबाई बाहेरून हाका मारत राहिल्या.

१९ फेब्रुवारी
राहवलं नाही. बॅग अर्धी भरून ठेवली आणि ह्यांच्यासमोर बसले. ताईत ह्यांच्या हातावर ठेवला. सगळं सांगितलं – हे झोपेत असताना सासूबाईंनी बांधला ते, मी डॉक्टरांशी खोटं बोलले ते, उद्या दादा येतोय तेही. ह्यांनी ताईत बोटांनी चाचपला. मग हळूच म्हणाले, "हा होता होय! मशीनमध्ये कमरेत सारखं टोचत होतं. म्हटलं, भासच असेल."