कानतुटी आणि अकरा शनिवार

बुकित तिमाह, सिंगापूर
६ एप्रिल २०१३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर दोन वाक्यांत ठेवून देतेस, म्हणून हा कागद. फाडलास तरी आधी वाचशील, एवढी मी तुला ओळखतो.

आमच्या किमयाची ती एका कानाचा तुकडा गेलेली माकडीण आठवते का? जिला तिने कानतुटी नाव ठेवलं होतं? गेल्या आठवड्यात ती आमच्या कॉन्डोत एका बाईंच्या स्वयंपाकघरात शिरली आणि त्यांच्या लहान मुलाच्या हातातली पिशवी तिने ओढली. पोराच्या मनगटावर ओरखडे आले. तक्रार झाली, पिंजरा लागला, आत केळं ठेवलं. इथल्या रानातली माकडं पिंजऱ्याला बिचकतात म्हणे. ही सरळ आत गेली. दुसऱ्या दिवशी तिला मारून टाकलं. केळ्याची चटक तिला कोणी लावली, हे तुला आणि मला ठाऊक आहे.

पण कॉन्डोतले लोक सेल्वम सरांवर घसरलेत. म्हणतात, हा मास्तर दर रविवारी माणसं जमवून रान दाखवायला आणतो, त्याच्याच लोकांनी खायला घातलं असणार. सरांच्या फेऱ्या बंद केल्यात. पंचवीस मेला बैठक आहे, तिथे काय ते ठरेल. माकडाला खायला घालणं हा इथे गुन्हा आहे, नुसता खोडसाळपणा नव्हे.

तेव्हा तू एक कागद लिहून पाठव, की मी सिंगापूरला भावाकडे आले होते, मी माकडांना केळी घातली, सेल्वम यांना त्याची काहीही कल्पना नव्हती. मात्र एकटीने घातली असं स्पष्ट लिही. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज आत आहे. त्यात माझं नाव आलं तर सगळं मुसळ केरात. तू गुहागरात बसली आहेस, तुला कोण विचारायला येणार?

तुझी भावजय मधुवंती बरी आहे. किमया परीक्षेत आहे. लोभ शिल्लक असेल तर कागद लवकर धाड.

तुझा
प्रसन्न


गुहागर
१६ एप्रिल २०१३

चि. प्रसन्न यास,
आशीर्वाद. या वेळी एकच, अनेक नाहीत.

पत्र पोचलं. वाचून संपल्यावर परत वाचलं, कारण हे माझ्या पाठच्या भावाने लिहिलंय यावर विश्वास बसेना.

अकरा शनिवार मी कुणासाठी बोलले होते रे? माझ्या गुडघ्यासाठी? तुझ्या त्या पीआरसाठी! तुला तीनदा नकार आला, तू फोनवर रडकुंडीला आलास, म्हणून मी आपल्या वरच्या आळीच्या मारुतीला बोलले, की याचं काम व्हावं म्हणून मी आधीच अकरा शनिवार तुझ्या वानरांना केळी आणि फुटाणे घालीन. आणि नवस ज्याचा त्याच्या गावी फेडायचा, असं तूच म्हणालास. तिकीट तूच काढलंस. तिथे राहायचा पास वाढवून तूच घेतलास.

केळ्यांच्या फण्या तिथल्या त्या टेक्का बाजारातून कोण आणत होतं? सकाळी सात वाजता कॉन्डोच्या मागच्या कुंपणाशी माझ्या शेजारी पिशवी धरून कोण उभं राहत होतं? पहिल्या शनिवारी ती पाटी बघून मी विचारलं होतं, की हे लाल फुली मारलेलं माकड काय सांगतंय. तेव्हा तू काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. म्हणालास, ते टुरिस्ट लोकांसाठी आहे, तू खुशाल घाल, या बाजूला कॅमेरा नाही.

आता अंगाशी आल्यावर हात वर करतोस? मी म्हातारी, मी विधवा, मी गुहागरची, तेव्हा माझ्या नावावर खपवावं! वा रे वा. इथे माकडाला केळं दिलं म्हणून कुणी कुणाला चोर म्हणत नाही. मी कसलाही कागद लिहिणार नाही. लिहिलाच तर सगळा खरा लिहीन, पिशवीसकट.

मधुवंतीला आशीर्वाद. किमयाला काय लिहू? निघताना खोलीचं दार उघडून बाहेर आली नाही ती. माझा लोभ तुला पेलणार नाही, तेव्हा तो इथेच ठेवते.

ताई


बुकित तिमाह
२७ एप्रिल २०१३

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग घालण्याइतका वेळ नाही.

पिशवी मी धरली, कबूल. पण खोटं मी बोललो नाही. ते तू बोललीस, आणि ते तू सोयीस्कर विसरली आहेस.

सातव्या की आठव्या रविवारी सरांना कुंपणाशी केळ्याची सालं सापडली. त्यांनी फेरीतल्या प्रत्येकाला विचारलं. तुला इंग्रजी येत नाही, सरांना मराठी येत नाही, तेव्हा नेहमीप्रमाणे किमया मध्ये उभी. तिने तुला मराठीत विचारलं, की आत्या, तू माकडांना काही घातलंस का. तू नाही म्हणालीस. तिने ते सरांना सांगितलं. एवढंच नव्हे, सरांनी कॉन्डोला लेखी दिलं की माझ्या गटातल्या कुणीही खायला घातलेलं नाही, त्या कागदाखाली त्यांच्यासोबत किमयाची सही आहे. आमच्या पाहुण्यांना मी स्वतः विचारलं, असं तिने लिहून दिलंय.

आता एका शेजाऱ्याने साडीतली बाई बघितल्याचं सांगितलंय. म्हणजे सर खोटे आणि माझी पोरगी खोटी. सोळा वर्षांची आहे ती. दोन वर्षं एकही रविवार न चुकवता त्या माणसामागे रानात फिरली आहे, कुठल्या झाडाला कधी फळ धरतं याची वही ठेवते. निघताना ती बाहेर का आली नाही विचारतेस? आदल्या दिवशी तुझ्या पिशवीत तिला फुटाणे दिसले होते.

तिला फक्त तुझं कळलंय. माझं कळायची गरज नाही. आणखी काही लिहीत नाही. लिहिलं तर शोभणार नाही.

प्रसन्न


गुहागर
८ मे २०१३

चि. किमयास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

हे पत्र तुला लिहितेय, तुझ्या बापाला नाही. त्याच्याशी माझं बोलणं संपलं आहे.

तुला तो रविवार आठवतो का, सरांनी खाली पडलेलं एक पिवळं बारकं फळ उचलून माझ्या हातात दिलं होतं? मी ते फोडून चाटलं आणि ओरडले, की अगं हा तर आमच्या रातांब्याचा चुलत भाऊ! तुला रातांबा इंग्रजीत सांगता येईना, तू वैतागलीस, आणि आम्ही दोघं म्हातारे हसत सुटलो. मग सर म्हणाले, आणि तू मला सांगितलंस, की ही झाडं इथे माणसाने लावलेली नाहीत. माकडं फळ गालात भरतात, लांब जाऊन बसतात आणि बी थुंकतात, त्यातून रान वाढतं. जे माकड केळ्याच्या आशेने कुंपणाशी बसून राहतं ते काहीच लावत नाही. झाडाला वाळत घातलेल्या फडक्यासारखा चिकटलेला तो उडता प्राणीही त्याच दिवशी दाखवला. आयुष्यभर कोकणात राहून मला माझ्या परसातलं कुणी असं दाखवलं नव्हतं.

त्याच माणसाने पुढच्या रविवारी सालं हातात धरून विचारलं. मला लाज वाटली गं. नवसाचे चार शनिवार उरले होते, ते मोडायची भीती वाटली ती वेगळीच. मी नाही म्हणाले, आणि तुझ्या तोंडून वदवलं. तरीही तिथे उरलेले चारही शनिवार पुरे केले. कानतुटी माझ्या हातून घ्यायची, मला वाटायचं मारुती पावला.

सोबत वेगळा कागद आहे. मराठीत आहे, कारण मला दुसरं काही येत नाही. त्यात लिहिलंय की मी अकरा शनिवार एकटीनेच केळी घातली, पाटी बघूनही घातली, सरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले आणि किमयाने फक्त माझं बोलणं सांगितलं. खाली सही आहे. तो तूच इंग्रजीत करून बैठकीत वाच. माझं खोटं तू सांगितलंस, आता खरंही तूच सांग, माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

माया राहिली नसेल तर मागत नाही. सरांना नमस्कार सांग.

तुझी
आत्या


बुकित तिमाह
२६ मे २०१३

आत्या,
वर नमस्कार लिहायचा असतो, आई म्हणाली. नमस्कार.

हे मी स्वतः लिहितेय. फक्त स्पेलिंग आईने बघितलं.

काल मीटिंग झाली. मी तुझा कागद वाचला. आधी मराठीत दोन ओळी, सगळ्यांना सही खरी वाटावी म्हणून, मग इंग्रजीत. सरांच्या फेऱ्या जूनमध्ये परत सुरू होणार. मला मात्र सहा महिने व्हॉलंटियर राहता येणार नाही, कारण न बघता सही केली. ते फेअर आहे. सर मला रागावले नाहीत, त्याने जास्त वाईट वाटलं. तुझ्यावर ते रागावलेत. म्हणाले, रातांबा ओळखणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं. मी पण रागावलीय, खूप. तू परत आलीस तर मी तुला रानात नेणार नाही.

आणखी एक. तुझ्या कागदातला एक शब्द मी बदलला. ‘एकटीनेच’ असं तू लिहिलं होतंस. ते खोटं आहे. फुटाण्यांचं एक पाकीट तुझ्या पिशवीत होतं, पण दुसरं मला मागच्या आठवड्यात बाबांच्या ऑफिसच्या बॅगेत मिळालं.

मी तुझा कागद बाबांसमोर ठेवला. त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, की हे खरं आहे का. मराठीतच विचारलं, तुला विचारलं होतं तसं. आई पण उठून आली. मग ते नाही म्हणाले.

मीटिंगमध्ये मी दोघांचं नाव वाचलं. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या पीआरचं काय होईल कुणालाच माहीत नाही, आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलत नाहीये.

तुझा मूळ कागद मी माझ्या वहीत ठेवलाय, कानतुटीच्या पानावर. तो परत मागू नकोस.

किमया